अकरा टक्के स्वस्त की तेरा? नव्याने कमावू लागलेल्यांसाठी हिशेबाची शिदोरी

२०१५ साली चाकणला नोकरी लागली आणि दोन पगार हातात पडताच मी स्कूटर घ्यायला निघाले. ८०,००० रुपयांचं कर्ज हवं होतं, तीन वर्षांसाठी. एका ठिकाणी दर सांगितला १३ टक्के. शोरूममध्येच टेबल टाकून बसलेल्या माणसाने सांगितला ११ टक्के. आता ११ लहान की १३, हे काय कुणाला विचारायचं? मी ११ वाल्याकडे सही ठोकली आणि घरी कराडला फोन करून ऐटीत सांगितलं, "दोन टक्के वाचवले."

त्या सहीपायी माझे ९,३६२ रुपये जास्तीचे गेले. हे कळायलाही दीड वर्ष लागलं. कँटीनमध्ये अकाउंट्समधल्या एका दादांनी सहज कागद बघायला मागितला, मोबाइलवर काहीतरी बडवलं आणि म्हणाले, "अगं, हा फ्लॅट रेट आहे. तो तेरावाला बरा होता की!"

तेव्हापासून आमच्याकडे नवीन लागलेली मुलं-मुली सही करण्याआधी जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी काही गणितज्ञ नाही. दहावीला बीजगणितात काठावर पास झालेली आहे. पण यासाठी बीजगणित लागतच नाही. गुणाकार, भागाकार, टक्केवारी आणि थोडा निर्लज्जपणा एवढ्यावर काम भागतं. ज्या क्रमाने मी त्यांना सांगते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

सोबत हे असू द्या:

- मोबाइलमधला साधा कॅल्क्युलेटर आणि जमल्यास स्प्रेडशीटचं ॲप
- एक वही (मोबाइलमध्ये टिपून ठेवलेलं ऐन वेळी सापडत नाही)
- कर्ज असेल तर मंजुरीपत्र, मुख्य तथ्य विवरण म्हणजे केएफएस (कर्जाचा दर, खर्च आणि अटी थोडक्यात सांगणारा कागद), आणि हप्त्यांचं वेळापत्रक
- विमा असेल तर एजंटने दिलेला फायद्याचा तक्ता, छापील. व्हॉट्सॲपवरचा फोटो नव्हे
- बँकेचं गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट

१. आधी स्वतःची परीक्षा घ्या

तीन प्रश्न. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा.

नाणं १,००० वेळा उडवलं तर अंदाजे किती वेळा छापा पडेल? १,००० जणांपैकी एक टक्का लोकांना बक्षीस लागतं, म्हणजे किती जणांना? आणि १,००० मध्ये एकालाच लागत असेल तर ते किती टक्के झालं?

उत्तरं: ५००, १० आणि ०.१. तिसऱ्याला अडखळला असाल तर खट्टू होऊ नका. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल स्त्रियांना माहिती दिली होती आणि याच धर्तीचे तीन प्रश्नही विचारले होते. तिन्ही बरोबर आलेल्या जेमतेम १६ टक्के निघाल्या. आणि ज्यांना हे प्रश्न जमले, त्यांनाच तपासणीचा फायदा नेमका किती हे जास्त अचूक समजलं. माहिती सगळ्यांना मिळाली होती. ती वापरता आली मोजक्यांना.

सराव म्हणून एवढंच करा: कुठल्याही रकमेचे १० टक्के तोंडी काढायला शिका. शेवटचं शून्य उडवलं की झालं. त्याचे निम्मे म्हणजे ५ टक्के. १८ टक्के हवेत तर १० ची दुप्पट करून त्यातून २ टक्के वजा. आणखी एक गंमत: टक्के उलटवता येतात. ७५ चे ४ टक्के काढायला जड वाटतात? मग ४ चे ७५ टक्के काढा, म्हणजे चाराचे पाऊणपट, तीन. माझे आजोबा गुळाच्या अडतीवर होते. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीसुद्धा पाठ होती, औट म्हणजे साडेतीन. समोरचा बोलायचा थांबण्याआधी यांचा हिशेब तयार. आपण शाळेत ते सोडून दिलं, आणि आता सवलतीचा फलक वाचताना मोबाइल उघडतो.

२. टक्का दिसला की तीन प्रश्न

कशावर? किती काळाचा? सगळं मिळून किती? वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा.

कशावर: बिल्डर म्हणतो चौरस फुटाला ५,००० रुपये, ८०० फूट, म्हणजे ४० लाख. पण आतलं चटईक्षेत्र ५६० फूटच असेल तर तुमचा खरा दर ७,१४३ रुपये पडला. २०१६ च्या रेरा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या ठरवून दिली आहे आणि नोंदणी झालेला प्रकल्प त्याच हिशेबाने विकायचा असतो. तरी बोलताना 'सेलेबल' (भिंती, जिना वगैरेंचा वाटा धरून फुगवलेलं क्षेत्र) हा शब्द हळूच येतोच. सोनाराकडची मजुरीही तशीच. ती सोन्याच्या किमतीच्या टक्क्यात असेल तर भाव वाढला की मजुरीही वाढते, कारागिराचे श्रम तेवढेच असले तरी.

किती काळाचा: हा सापळा जुना आणि सगळ्यात क्रूर. गावाकडे खासगीत पैसे घेताना "शेकडा तीन" म्हणतात. नवख्याला वाटतं, बँकेपेक्षा स्वस्त! ते तीन टक्के महिन्याचे असतात, वर्षाचे ३६. व्याज थकून मुद्दलात मिळत गेलं तर दोन वर्षांत रक्कम दुप्पट. सावकाराकडे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खालचा परवाना आहे का हे विचारा. विचारल्यावर तो चिडला तर उत्तर मिळालं असं समजा. क्रेडिट कार्डही महिन्याचाच दर सांगतं. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला ४२, आणि व्याजावर व्याज धरलं तर ५१ च्या वर. त्यावर जीएसटी वेगळा.

सगळं मिळून किती: हे पुढच्या पायरीत येतंच आहे. इथे एकच उदाहरण. घराचं ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं. ८ टक्क्यांनी हप्ता २५,०९३ रुपये, ९ टक्क्यांनी २६,९९२. "एकाच टक्क्याचा तर फरक आहे, साहेब." त्या एका टक्क्याचे २४० हप्त्यांत साडेचार लाखांच्या वर होतात.

३. कर्जाचा दर सपाट की घटता, हे सगळ्यात आधी विचारा

इथे जरा निवांत थांबा, कारण बहुतेक जण इथेच फसतात.

घटता दर, म्हणजे रिड्युसिंग: जेवढं मुद्दल बाकी, तेवढ्यावरच व्याज. सपाट दर, म्हणजे फ्लॅट: शेवटच्या महिन्यापर्यंत पहिल्या पूर्ण रकमेवर व्याज.

माझंच प्रकरण घ्या. ८०,००० वर ११ टक्के सपाट. वर्षाचं व्याज ८,८००, तीन वर्षांचं २६,४००. एकूण १,०६,४००, भागिले ३६, हप्ता २,९५६. दुसरीकडे १३ टक्के घटत्या दराने हप्ता येत होता २,६९६ च्या आत आणि एकूण फेड ९७,०३८. वजाबाकी तुम्हीच करा, मला पाठ आहे.

असं का होतं? अर्ध्या वाटेवर मी जवळपास अर्धं मुद्दल फेडलेलं होतं. तरी व्याज लागत होतं पूर्ण ८०,००० वर. सरासरी काढली तर त्या तीन वर्षांत माझ्याकडे त्यांचे निम्म्याच्या आसपास पैसे होते आणि भाडं मी सगळ्यांचं भरत होते. म्हणून दोन ते चार वर्षांच्या कर्जासाठी एक ढोबळ ठोकताळा: सपाट दराला १.८ ने गुणा, घटता दर साधारण तेवढा येतो. माझे ११ म्हणजे १९.८. नेमका काढला तर साडेएकोणीसच्या किंचित वर.

हे झालं दराचं. वर ३,००० रुपये 'फाइल चार्ज' म्हणून आधीच कापून घेतले होते. म्हणजे हातात आले ७७,०००, हप्ता मात्र ८०,००० चाच. तो धरला तर खरा दर २२ टक्क्यांच्याही पुढे जातो. ११ म्हणत होते!

नेमका दर काढायचा असेल तर स्प्रेडशीटमध्ये 'रेट' नावाचं सूत्र असतं. कंसात तीन आकडे स्वल्पविराम देऊन भरा: हप्त्यांची संख्या, उणे चिन्ह लावून हप्ता, आणि खरोखर हातात आलेली रक्कम. आलेल्या उत्तराला १२ ने गुणलं की वर्षाचा दर मिळतो. उणे चिन्ह विसरलात तर चूक दाखवतं. घाबरू नका, तेवढं चिन्ह घाला.

आणि हप्ता कमी म्हणजे कर्ज स्वस्त, हा समज आजच सोडा. मुदत वाढवली की हप्ता उतरतो आणि एकूण फेड चढते. टेबलापलीकडचा माणूस तुम्हाला "महिन्याला किती जमेल?" असं प्रेमाने विचारतो ते यासाठीच. त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. उलट विचारा, "एकूण किती भरायचे?"

४. केएफएस मागा आणि घरी घेऊन या

माझ्या वेळी हे नव्हतं, तुमच्या वेळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नवीन किरकोळ मुदत कर्जांना कर्जदाराला समजेल अशा भाषेत केएफएस द्यावंच लागतं. मराठीत मागा. त्यात बघायच्या गोष्टी:

- वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर. यात व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क आणि कर्ज देणाऱ्यामार्फत वसूल होणारे विम्यासारखे खर्चही धरलेले असतात. दोन कर्जांची तुलना करायची ती याच आकड्याची.
- हप्त्यांचं वेळापत्रक. प्रत्येक हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती ते त्यात दिसतं.
- मुदतीआधी फेडण्याचं शुल्क.

सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी हे विवरण किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहतं. म्हणजे "आजच सही करा, उद्या दर वाढेल" ही घाई खोटी. त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, क्रेडिट कार्डाची उधारी या नियमातून वगळलेली आहे.

५. बिनव्याजी हप्ता

फोन २४,००० चा, सहा महिने ४,००० चा हप्ता, व्याज शून्य. छान. आता काउंटरवर विचारा, "रोख दिले तर कितीला?" तो म्हणाला २२,५००, तर तुम्ही २२,५०० ची वस्तू उधार घेऊन २४,००० फेडताय. वर्षाचा दर साडेबावीस टक्के झाला. शून्य कुठे गेलं?

शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे खुद्द रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना लिहून सांगितलं होतं. क्रेडिट कार्डवरच्या अशा योजनेत व्याजाएवढी सूट आधी दिलेली असते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बिलात येतात. रोखीचा भाव खरंच तेवढाच असेल आणि वरचे शे-दोनशे मान्य असतील तर खुशाल घ्या. मीही फ्रिज तसाच घेतला.

६. "दहा भरा, अठरा मिळवा"

पहिला पगार झाला की नात्यातला कुणीतरी काका विमा एजंट निघतोच. वर्षाला ५०,००० याप्रमाणे २० वर्षं भरा, दहा लाखांचे अठरा लाख मिळतील. ऐकायला ८० टक्के नफा!

इथे ७२ चा नियम कामाला येतो. ७२ ला वार्षिक दराने भागा, पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते कळतं. ६ टक्क्यांनी १२ वर्षं, ८ ने ९. उलटंही चालतं. तुमचा पहिला हप्ता २० वर्षं पडून राहणार, शेवटचा एकच वर्ष. सरासरी साडेदहा वर्षं. साडेदहा वर्षांत दुप्पट व्हायला दर लागतो ७२ भागिले १०.५, म्हणजे सातच्या जरा आत. इथे तर दुप्पटही होत नाहीत, दहाचे अठराच होतात. म्हणजे दर त्याहून कमी. नेमका काढला तर सव्वापाचच्या किंचित वर येतो.

तोच नियम महागाईलाही लावा. ६ टक्के महागाई धरली तर १२ वर्षांत शंभराच्या नोटेला आजच्या पन्नासचा माल येईल. आता त्या अठरा लाखांकडे पुन्हा बघा. काकांना हे बोलून दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी "विचार करून सांगते" म्हणाले आणि अजून विचार करते आहे. घरात कुणी तुमच्यावर अवलंबून असेल तर विमा जरूर घ्या, पण मृत्यूनंतरच पैसे देणारा साधा मुदत विमा. बचत निराळी ठेवा.

७. सवलतींची घाईघाईत तपासणी

यावर फार वेळ घालवू नका, रकमा लहान असतात. ५० टक्के अधिक २० टक्के म्हणजे ७० नव्हे, ६०. कारण दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर मिळते. दोनावर एक मोफत म्हणजे ३३ टक्के सूट, तीही तिसरं हवं असेल तरच. '२५ टक्के जास्त माल' म्हणजे २० टक्के सूट. पाकीट १०० ग्रॅमचं ८० झालं आणि किंमत तीच राहिली, तर भाव २५ टक्के वाढला. हल्ली पाकिटावर एमआरपीशेजारी ग्रॅमचा किंवा मिलीचा दर छापलेला असतो. तुलना त्याची करा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतं असं नाही.

गुंतवणुकीत मात्र हेच गणित महागात पडतं. १,००,००० चे ५० टक्के घसरून ५०,००० झाले, तर पुन्हा मूळपदावर यायला १०० टक्के वाढ लागते.

८. "दुप्पट धोका" ऐकलं की विचारा, किती जणांत किती?

हे पैशाचं नाही, पण सोडवत नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा देण्यात आला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गाठ होण्याचा धोका दुप्पट होतो. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्या बंद केल्या. दुप्पट म्हणजे किती? ७,००० मध्ये एकीला होत होतं, ते दोघींना. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. गाठ होण्याचा धोका खुद्द गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे तर आणखीनच.

दवाखान्यात, बातमीत, आरोग्य विम्याच्या जाहिरातीत कुठेही 'इतके टक्के जास्त' दिसलं की त्याची माणसं करून घ्या: हजारात आधी किती, आता किती. डॉक्टरांना असं विचारलं तर त्यांना राग येत नाही. मी विचारलेलं आहे.

९. सही आधीच झाली असेल तर

वेळापत्रक काढा आणि बाकी मुद्दल बघा. माझ्या कर्जात २० हप्ते झाल्यावर उरलेले १६ हप्ते होत होते ४७,२९६ रुपयांचे, आणि खऱ्या दराने बाकी मुद्दल होतं ४१,००० च्या आसपास. म्हणजे एकरकमी फेडलं तर सहा हजारांच्या जवळपास वाचणार. त्यातून मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क आणि त्यावरचा कर वजा करायचा. मग ते ४१,००० बँकेत ठेवले असते तर तेवढ्या काळात किती व्याज आलं असतं तेही वजा करायचं. उरलं तर बंद करा.

वैयक्तिक कारणासाठी घेतलेलं बदलत्या दराचं कर्ज असेल, जसं घराचं, तर मुदतीआधी फेडण्याचं शुल्क लावता येत नाही. वाहनाचं आणि पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचं असतं, तिथे करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं. थोडी थोडी जादा रक्कम भरणार असाल तर "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा" असं लेखी द्या, नाहीतर ते हप्ता कमी करून मोकळे होतात.

कर्ज संपलं की नाहरकत पत्र आणि सही-शिक्क्यासह फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा आरटीओचा अर्ज) मागून घ्या, आणि आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरवून आणा. मी ते कागद कपाटात ठेवून दिले होते. स्कूटर विकायला काढली, गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं, तेव्हा आठवलं.